उणे वीस, मुक्काम पोस्ट कफ परेड

मे महिना, रात्रीचे साडेबारा. पंखा पाचवर, दार-खिडक्या सताड उघड्या, बनियन पाठीला चिकटलेलं. गल्लीत अजून दोन-चार जण बाहेर अंथरूण टाकून हवा घेत पडलेत. आणि आपण काय करतोय? तर लॅपटॉपसमोर बसून थंडीने काकडतोय! स्क्रीनवर बर्फाचं वादळ, तापमान उणे वीस, काडेपेटीत चार काड्या आणि पायातले मोजे ओले. आई पाणी प्यायला उठली की एकदा स्क्रीनकडे बघते, एकदा माझ्या घामाकडे बघते आणि काही न बोलता परत जाऊन झोपते.

‘सर्व्हायव्हल गेम’ हा प्रकार तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा असा, की यात कुणाला हरवायचं नसतं. फक्त जिवंत राहायचं. खायला शोधा, पाणी शोधा, रात्र काढा. आणि या गेम्समध्ये सगळ्यात छळणारा भाग कुठला, तर थंड प्रदेशाचा. लांडगा आला तर पळता येतं, भूक लागली तर बिस्किटाचा पुडा सापडतो, पण थंडी सगळीकडे असते. दिवसभर डेडलाइन आणि अप्रेझलने पिळून निघाल्यावर माणूस घरी येऊन मुद्दाम असला त्रास का विकत घेतो, हे मला विचारू नका. माझ्या टीममधले तिघं जण घेतात, एवढं सांगतो.

माझी गंमत जरा वेगळी आहे, कारण माझा पत्ता. कफ परेड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि समुद्राकडे तोंड केलेले उंच टॉवर येतात. त्यांच्याच सावलीत, बधवार पार्कला लागून, आमचं मच्छीमार नगर आहे. बाहेरच्यांना ते माहीत झालं ते २६ नोव्हेंबर २००८ ला, अतिरेक्यांची रबरी बोट इथल्या किनाऱ्याला लागली तेव्हा. एरवी आम्ही आपले जाळी, बोटी आणि वाळत घातलेली मासळी. थंडीशी आमचा संबंध काय? कुलाबा वेधशाळा १८२६ सालची, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिच्या नोंदीत सगळ्यात थंड दिवस म्हणून २२ जानेवारी १९६२ ची तारीख आहे आणि तापमान होतं ११.७ अंश. तेही उणे नाही, चांगलं अधिक! ऑफिसात एसी चोवीसवर ठेवायचा की बावीसवर यावरून होणारी भांडणं, ही आपली हिवाळ्याची कल्पना.

तरीही मी या गेममध्ये बऱ्यापैकी टिकतो. आणि त्याचं श्रेय कीबोर्डला कमी, घरातल्या माणसांना जास्त आहे, हे मला हळूहळू कळत गेलं.

कोस्टल हायवेवरचा कोळी

मी खेळतो त्या गेमचं नाव ‘द लाँग डार्क’. कॅनडाच्या हिंटरलँड स्टुडिओने बनवलेला. २०१४ साली अर्धामुर्धा बाजारात आला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. कॅनडाच्या उत्तरेला ग्रेट बेअर नावाचं एक काल्पनिक बेट. आकाशात चुंबकीय वादळ झालंय, वीज गेलीय, गाड्या बंद. तुम्ही एकटे. सर्व्हायव्हल मोडची मूळ अट अशी की मेलात की खेळ संपला, पुन्हा पहिल्या दिवसापासून. पन्नास दिवस जपलेला माणूस एका ओल्या मोज्यापायी जातो तेव्हा काय वाटतं, ते अनुभवायलाच हवं!

या बेटावर ‘कोस्टल हायवे’ नावाचा एक भाग आहे. आपला मुंबईचा कोस्टल रोड २०२४ साली सुरू झाला, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इथे समुद्र गोठलेला आहे आणि त्या बर्फावर छोट्या लाकडी खोपट्या आहेत, मासे पकडायच्या. आत एक शेगडी, मधोमध बर्फात भोक, त्यात गळ टाकून बसायचं. कोळ्याचं पोर गेममध्ये गेलं तरी शेवटी मासेच पकडणार, हा जोक आमच्या गल्लीत करून झालेला आहे. पण नव्या माणसाने मुक्काम करावा असं ठिकाण तेच. चार भिंती वारा अडवतात आणि शेगडीतला जाळ विझत नाही.

मुद्दा तोच आहे. नवीन खेळणारा आधी आकड्याकडे बघतो. उणे पाच, उणे बारा, उणे वीस. जुना खेळणारा आधी वारा बघतो. या गेममध्ये तापमानाचा जो आकडा दिसतो तो हवेचा नसतो, ‘फील्स लाइक’ असतो, म्हणजे अंगाला किती वाटतं तो. त्यात वारा धरलेला असतो आणि तुमचे कपडेही. प्रत्येक कपड्याला दोन वेगळे आकडे असतात: ऊब किती देतो आणि वारा किती अडवतो. लोकरीचा स्वेटर उबेला जबरदस्त, वाऱ्यापुढे सामान्य. वरून एखादं साधं विंडचीटरसारखं जॅकेट चढवलं की तोच स्वेटर खरं काम करायला लागतो. आणि दोन्ही ओले झाले की दोन्हींचे आकडे धडाधड खाली येतात. पातळ बर्फावर पाय पडून पाण्यात गेलात तर नखशिखांत भिजता आणि बाहेर आल्यावर कपडे अंगावरच गोठायला लागतात. तिथून पुढे सगळा खेळ घड्याळाशी.

हे काही गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. वाऱ्याने थंडी किती वाढते याचं पहिलं मोजमाप अंटार्क्टिकात झालं, पॉल सिपल आणि चार्ल्स पासेल या दोन अमेरिकनांनी केलेलं. यातला सिपल मूळचा बॉय स्काउट, १९२८ साली बर्ड यांच्या मोहिमेबरोबर पोरसवदा वयात तिकडे गेलेला. १९४१ च्या हिवाळ्यात दोघांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो ते मोजत बसले. १९४५ मध्ये ते छापून आलं. आज वापरतात ते सूत्र अमेरिका आणि कॅनडाने २००१ साली नव्याने बसवलं. त्यानुसार हवा उणे वीस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या चेहऱ्याला ते उणे तेहेतीस वाटतं. नुसत्या वाऱ्याने तेरा अंश खाल्ले!

आता यातला गमतीचा भाग. हे सूत्र दहा अंशांच्या वरच्या हवेला लागूच होत नाही. म्हणजे कागदोपत्री मुंबईत ‘विंड चिल’ असं काही अस्तित्वातच नाही. हे मी एकदा बाबांना सांगितलं. ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, “ज्याने लिवलंय त्याला जानेवारीत रातच्याला बोटीवर घेऊन ये.”

तीन चपात्यांचा हिशेब

बाबा चाळीस वर्षं समुद्रावर जातायत. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटतो, किनाऱ्यावर तो गुलाबी वगैरे वाटतो, मरिन ड्राइव्हवर लोक त्याच्यासाठी मुद्दाम फिरायला येतात. तोच वारा आठ-दहा मैल आत, पहाटे तीनला, भिजलेल्या अंगावर घ्यायचा म्हणजे वेगळं प्रकरण आहे. “पाणी नाय मारत रे, वारा मारतो,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. गेम खेळेपर्यंत त्याचा अर्थ कधी लावला नव्हता.

हिशेब सोपा आहे. अंगाच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. डाएटवाले ज्याला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतात ती खरं तर किलोकॅलरी, म्हणजे एक हजार कॅलरी. तुमची जाडजूड कॉटनची हुडी भिजली की अर्धा लिटर पाणी आरामात धरून ठेवते. वाऱ्यावर ती अंगावरच वाळली, तर वाळण्यासाठी लागते सुमारे २९० किलोकॅलरी. म्हणजे तीनेक चपात्या. सगळीच उष्णता अंगातून जात नाही, थोडी हवेतूनही मिळते, पण बरीचशी तुमचीच. शरीर ती भरून काढायला बघतं, म्हणून हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी चालू केलेली शेकोटी. स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा चार-पाच पट उष्णता त्यातून निघू शकते, पण सरपण तुमच्या पोटातलं जळतं. ते संपलं की शेकोटीही विझते.

म्हणून जुनी माणसं बोटीवर अंगावर कमी घालत. गुडघ्याच्या वर उघडे पाय, डोक्याला टोपी, वर एक बंडी. आम्ही पोरं हसायचो. पण कातडी झटकन वाळते, जीन्स वाळत नाही! आजकालचे तरुण खलाशी ट्रॅकपँट आणि हुडी घालून जातात, दिसायला एकदम कूल. त्यांना बाबा सांगून थकले. माझं मत विचाराल तर यात फॅशनचा दोष फार नाही. चांगला वाराबंद, पाणीबंद कोट महाग असतो, जाळ्यात अडकून फाटतो आणि दरवर्षी नवा घेणं परवडत नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती दोन हिवाळ्यांपूर्वीची. माझा चुलत भाऊ, वय चोवीस, रात्री जाळं ओढताना पाण्यात पडला. पोहता उत्तम येतं, पण अंधार, बोट पुढे गेलेली आणि जाळ्यामुळे वळवायला वेळ लागला. अर्धा-पाऊण तास तो पाण्यात होता. आपल्याकडचा समुद्र जानेवारीतही चोवीस-पंचवीस अंश असतो. तुम्ही म्हणाल, मग काय, स्विमिंग पूलच की! पण उघडं शरीर हालचाल न करता पाण्यात नुसतं राहिलं तर त्याला स्वतःची ऊब टिकवायला तेहेतीस ते पस्तीस अंशांचं पाणी लागतं. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं. पंचवीस अंशांची हवा म्हणजे मस्त संध्याकाळ. पंचवीस अंशांचं पाणी म्हणजे हळूहळू गळणारी टाकी.

त्याला वर घेतला तेव्हा तो बोलत होता, पण दात इतके वाजत होते की शब्द कळत नव्हते. त्याच रात्री मी घरी त्याच अवस्थेतल्या एका बाहुल्याला खोपटीपर्यंत पोचवायच्या प्रयत्नात होतो, हा योगायोग मला पुढे बरेच दिवस छळत होता. बोटीवर काय झालं ते बाबांनी नंतर सांगितलं. आधी सगळे ओले कपडे काढले. तो ‘नको नको’ म्हणत होता, जबरदस्तीने काढले. कोरड्या लुंगीत आणि घोंगडीत गुंडाळला, वरून ताडपत्री, म्हणजे वारा बंद. केबिनमध्ये दोघं जण दोन बाजूंना चिकटून बसले. एकाने हातपाय चोळायला घेतले, त्याला बाबांनी थांबवलं. कुणीतरी बाटली काढली, “एक घोट दे, गरम होईल.” ती बाबांनी बाजूला ठेवली आणि स्टोव्हवर चहा टाकला, भरपूर साखरेचा. तो धड बोलायला लागल्यावर घोट-घोट पाजला.

डॉक्टर मंडळी आज हेच सांगतात, याच क्रमाने. आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. अशा माणसाला आधी कोरडं करायचं, वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, ऊब छाती-पोटाला द्यायची. हातपाय चोळायचे नाहीत. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून गरम वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. बाबांनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांच्या तांडेलाने त्यांना जे करताना दाखवलं ते त्यांनी केलं. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी वडापाव खात नाक्यावर उभा होता.

बर्फात बुडालेले हात

मुंबईत खरी थंडी बघायची असेल तर पहाटे ससून डॉकला जा. १८७५ सालचा हा धक्का आमच्यापासून चालत जाण्याइतका जवळ. बर्फाच्या लाद्या फोडून भुगा करणारी माणसं, मासळीवर तो भुगा पसरणारे खलाशी आणि ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका. कोळंबी बर्फातली, पाणी बर्फाचं. घड्याळात पाच, हवा चोवीस अंश, बाजूने जाणारा माणूस घाम पुसतोय आणि यांची बोटं तासन्‌तास शून्याच्या आसपास. माझी मावशी हे काम करायची. तिची बोटं पांढरी, सुरकुतलेली असायची आणि चहाचा ग्लास ती प्यायच्या आधी दोन्ही तळव्यांत धरून बसायची. लहानपणी मला वाटायचं तिला चहा फार आवडतो.

गेममध्ये एक गोष्ट आहे, फ्रॉस्टबाइट. हिमदंश. एखादा अवयव उघडा राहिला आणि वेळेवर झाकला नाही की कायमचं नुकसान, तेवढं आयुष्य कायमचं कमी. कोळंबीच्या बर्फात गोष्ट तिथवर जात नाही. उलट शरीर एक वेगळंच डोकं चालवतं. थंड पाण्यात बोटं घातली की आधी रक्त मागे हटतं, मग काही मिनिटांनी रक्तवाहिन्या मध्येच उघडतात आणि बोटं थोडी गरम होतात, मग पुन्हा बंद. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने १९३० साली हे नोंदवलं. नंतर १९६० च्या सुमारास कॅनडातल्या गास्पेचे मच्छीमार आणि ब्रिटनमधले मासे कापणारे कामगार यांचे हात तपासले गेले. रोज गार पाण्यात काम करणाऱ्यांचे हात नवख्यांच्या हातांपेक्षा जास्त ऊबदार राहतात, असं दिसलं. म्हणजे हात शिकतो. मी खेळतो त्या गेममधल्या माणसाचे हात असे शिकत नाहीत, त्याला हातमोजे शोधावे लागतात. पण मावशीचे हात शिकले म्हणून ते दुखायचे थांबले असं नाही. रात्री ती खोबरेल गरम करून चोळायची, आणि थंडी आली की मूठ पूर्ण वळायची नाही.

बाकी गेम्सनी थंडीवर काढलेले उपाय वाचाल तर हसाल. ‘डोन्ट स्टार्व्ह’ नावाच्या गेममध्ये हिरोची दाढी वाढू दिली की हिवाळा सोपा जातो. ऑफिसातले डिसेंबरमधले दाढीवाले आठवून बघा! ‘वालहाइम’मध्ये पावसात भिजलात की ‘वेट’ असा शिक्का बसतो आणि शेकोटीशी बसलात की तो लवकर सुटतो. माझा सगळ्यात आवडता उपाय मात्र जपान्यांचा. निन्टेंडोच्या २०१७ सालच्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सुरुवातीलाच एक बर्फाळ डोंगर लागतो. तो चढायला गरम कपडे हवेत, नाहीतर मिरची! लाल मिरच्या गोळा करायच्या, भांड्यात परतायच्या, खायच्या, की काही मिनिटं थंडी बाधत नाही. एक म्हातारबाबा भेटतो, त्याला मांस, मासा आणि मिरची एकत्र परतून दिलं की तो खूश होऊन उबदार सदरा बक्षीस देतो. मी ही गोष्ट आईला सांगितली. तिचं म्हणणं, मासा आणि मटण एका भांड्यात घालणाऱ्याला सदरा काय म्हणून द्यायचा?

मिरचीचं खरं काय, तेही सांगून टाकतो. तिखटाने घाम येतो, चेहरा लाल होतो, गरम झाल्यासारखं वाटतं. पण ते बरंचसं वाटणंच असतं, मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच फसवतं. बोटीवर शिजणारं बोंबलाचं कालवण आणि भाताचा डोंगर ऊब देतो तो भातामुळे. तो नंतर तासभर जळत राहतो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आम्ही काय अंटार्क्टिकाला निघालोय? पण जानेवारीतल्या वीकेंडला तुम्ही कळसूबाईला जाता, १६४६ मीटरवर सूर्योदय बघायला रात्री चढता, घामाने भिजलेल्या टी-शर्टवर माथ्यावरचा वारा घेत फोटो काढता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि तिसऱ्या दिवशी आपण गाडी काढून तिथे हजर. तेव्हा हुडीच्या ऐवजी एक लोकरीचं आणि त्यावर एक वारा न शिरणारं, एवढं लक्षात ठेवा. आणि माथ्यावर पोचल्या पोचल्या, सेल्फीच्या आधी, घामेजलेला टी-शर्ट बदला. सॅकमध्ये एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला पैसे पडत नाहीत.

“याच्यासंगती कोण हाय?”

एका रविवारी बाबांना शेजारी बसवून गेम दाखवला. वारा त्यांना लगेच कळला. बाहुल्याने आडोसा सोडून उघड्यावर शेकोटी पेटवली तेव्हा “विझणार” म्हणाले आणि ती विझली. ओले कपडे शेगडीजवळ काढून ठेवायचे असतात, हेही त्यांनी मी सांगायच्या आधी सांगितलं. दहा मिनिटं शांतपणे बघितलं. मग विचारलं, “याच्यासंगती कोण हाय?”

“कोणी नाही. एकटाच असतो.”

“मग कशाला गेला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेममध्ये एकटेपणा हीच तर गंमत आहे, दिवसभर माणसांत राहिल्यावर तो हवासा वाटतो. काही गेम्समध्ये माणसं असतात. ‘फ्रॉस्टपंक’ नावाच्या २०१८ सालच्या पोलिश गेममध्ये अख्खं शहर एका भट्टीभोवती जगवायचं असतं, कोळसा कमी पडला की मुलांना कामाला लावायचं का, असे जीवघेणे प्रश्न येतात. पण तिथे माणूस हा आकडा आहे. दोन माणसं चिकटून बसली की दोघांचीही ऊब टिकते, ही सगळ्यात जुनी आणि फुकटची युक्ती तिथे वापरता येत नाही.

ही युक्ती किती महत्त्वाची, ते आमच्या समोरच्या समुद्राने दाखवलंय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. १७ तारखेला मुंबईपासून दूर, तेलविहिरींच्या परिसरात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. सत्तरहून अधिक गेले. नौदलाच्या आयएनएस कोची आणि इतर जहाजांनी उसळत्या समुद्रातून बाकीच्यांना उचललं. वाचलेल्यांतल्या कित्येकांनी नंतर सांगितलं, की लाइफ जॅकेट घालून तासन्‌तास ते पाण्यात तरंगत होते, एकमेकांचे हात धरून. पाण्यात अडकलेल्यांना प्रशिक्षणात हेच शिकवतात. एकटे असाल तर गुडघे छातीशी घ्या, हात आवळून ठेवा. अनेक असाल तर गोल करून छातीला छाती लावून राहा. उष्णता कमी जाते, आणि शोधणाऱ्याला एका डोक्यापेक्षा दहा डोकी लवकर दिसतात. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नव्हतं. आमच्या बोटी किनाऱ्यावर होत्या, तरीही.

गोव्यातून निघणाऱ्या माणसांनाही हे माहीत असतं. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. आजही आपल्या मैत्री आणि भारती या तळांचा कारभार वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. नारळाच्या झाडांखालच्या ऑफिसातून बर्फावरच्या माणसांची काळजी! जायच्या आधी मंडळींना उत्तराखंडात औलीला बर्फाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि तिकडे ब्लिझार्ड चालू असताना एकट्याने दाराबाहेर पडायचं नाही, हा नियम अगदी शेजारच्या खोलीत जायचं असलं तरी.

तर आमच्या बोटीवर आता एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम आहे, घट्ट झाकणाचा. कल्पना माझी, ‘द लाँग डार्क’मधून ढापलेली. तिथे मी प्रत्येक खोपटीत एक कोरडा जोड आणि काडेपेटी ठेवून देतो. ड्रममध्ये दोन घोंगड्या, तीन लुंग्या, एक कानटोपी, साखरेचा डबा आणि चहा पावडर. बाबांनी पहिल्यांदा नाक मुरडलं, जागा अडते म्हणाले. मग त्यांनीच त्यात स्वतःचा स्वेटर टाकला. गेल्या डिसेंबरात शेजारच्या बोटीवाल्याने बघून तसाच ड्रम घेतला, त्याचा लाल आहे. भाऊ जाताना लाइफ जॅकेट घालतो, म्हणजे बंदरातून बाहेर पडेपर्यंत तरी घालतो. पुढे ते केबिनमध्ये उशाला जातं, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. साखर मात्र दर आठवड्याला संपते. संकट न येताच.